नरक कोणाच्या ललाटी?

दारूपायी गेलेल्या माणसाच्या अंत्यविधीत आपल्यातलेच काही कुजबुजतात, ‘त्याच्या ललाटी नरकच लिहिला होता!’ ही भाषा ख्रिस्तसभेची नव्हे. देव कोणाला पापासाठी नेमून ठेवतो, हे मत फ्रान्समधील ऑरेंजच्या धर्मसभेने इ. स. ५२९ मध्येच धिक्कारले. पुढे कॅल्व्हिनने काहींचे तारण व काहींचा विनाश अनादि काळापासून ठरलेला असल्याचे शिकवले. कृपा केवळ जीवनासाठी नेमलेल्यांनाच मिळते, या मताचा ट्रेंट परिषदेने १५४७ साली निषेध केला. ख्रिस्तसभेने हजारो संत घोषित केले. नरकवासी म्हणून मात्र एकाही माणसाचे नाव कधी घोषित केलेले नाही. यहूदाचेही नाही!

मग पूर्वनियोजन खोटे का? मुळीच नाही. संत पौलाने रोमकरांस ते स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच्या लेखी ते म्हणजे आपल्याआधी धावत येणारे देवाचे प्रेम. त्याचा ललाटलेख आपण केला. ते प्रेम नाकारण्याची मुभा माणसाला आहे, कमावण्याची नाही. श्रद्धेची पहिली ओढदेखील कृपेनेच लागते, हे त्याच ऑरेंजने बजावले होते. तेव्हा रविवारची मिस्सा न चुकवणाऱ्यांनी मृताचा हिशेब मांडण्याआधी, आपल्या पुण्याची वही कोणी भरली, हे स्वतःला विचारावे.