हात कुणावर बसवायचा?

परवा बॅचच्या गेट-टुगेदरला सिम्युलेटरचा विषय निघाला आणि आमचे एक सर उसळलेच. "अरे, व्हिडिओ गेम खेळून कुणी डेंटिस्ट होतं का? हात बसतो तो पेशंटवरच!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. (दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतो, पण सरांसमोर माझं उघडत नाही.) म्हणून इथे लिहितोय.

सर, पेशंटवर म्हणजे नक्की कुणावर? तुमची मुलगी किंवा माझी आई कधी थर्ड इयरच्या पोराच्या खुर्चीत बसली आहे? तिथे बसतात त्या स्वस्तात काम होतं म्हणून पहाटेची एसटी पकडून आलेल्या मावशी.

सेकंड इयरला आम्ही फँटम हेडवर प्लास्टिकचे दात कापले. हे फँटम हेड १८९४ सालचं. तेव्हाही कुणी नाक मुरडलं असेलच! पण प्लास्टिक सगळीकडे सारखंच कडक. इनॅमल संपून डेंटिन लागलं की हाताला जो मऊपणा कळायला हवा, तो त्यात नाहीच. एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, वरच्या दाढेत आरशात बघून काम करायचं, आणि अशा तयारीवर आम्ही थेट माणसाच्या तोंडात.

एका मावशींच्या दाढेत मी कीड काढत गेलो, काढत गेलो... आणि लाल ठिपका दिसला. नस उघडी पडली. नुसत्या फिलिंगवर भागलं असतं तिथे रूट कॅनाल. मावशी म्हणाल्या, "असू दे बाळा, शिकतोयस."

सिमोडाँटसारख्या यंत्रात इनॅमल, डेंटिन, कीड यांचा कडकपणा हाताला वेगवेगळा जाणवतो. कुठे किती जास्त कापलं ते पडद्यावर दिसतं. चुकलं की पुन्हा नवा दात, हवा तितक्या वेळा.

त्यात लाळ नाही, वळवळणारी जीभ नाही, घाबरून मनगट धरणारा माणूस नाही, हे कबूल. ते पेशंटवरच शिकावं लागणार. यंत्र घेऊन खोलीला कुलूप लावलं तर तेही फुकटच. पण किती खोल कापायचं हे शिकायला जिवंत दाढ कशाला हवी? आधी यंत्रावर पास व्हा, मग तोंडाला हात लावा, एवढाच नियम करायचा आहे.

त्या मावशींची दाढ पुढे किती वर्षं टिकली, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.