गाणे कोणाचे, गळा कोणाचा?

शाळेच्या स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' हा कार्यक्रम आता ठरलेलाच असतो. एक कोळीगीत, एक गरबा, एक भांगडा, एक गोव्याचे गाणे. मुलांनी चार भाषांत एकत्र गावे याला माझा विरोध नाही. आजच्या दिवसांत तर ते हवेच आहे. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. भाषा मोजल्या जातात, गाणे पाहिले जात नाही. आणि लोकगीतांचा मोठा भाग बायकांनी रचलेला, बायकांनीच जपलेला आहे, म्हणून हा प्रश्न फक्त संगीतशिक्षकांचा नाही, आपलाही आहे.

गोव्याचे गाणे म्हणून बहुतेक शाळा एकच देखणी निवडतात. 'बॉबी' (१९७३) चित्रपटामुळे तिची चाल घरोघरी गेली. या गाण्यातली कलावंतीण पलीकडच्या काठावरच्या लग्नाला जायचे म्हणून नावाड्याची विनवणी करते, एकेक दागिना देऊ करते. मुली त्यावर छान ठुमकतात. पण दुसऱ्यांच्या लग्नात नाचणाऱ्या या बाईचे स्वतःचे लग्न मात्र समाज लागू देत नव्हता, हे त्यांना कोण सांगते? नववी-दहावीच्या मुलींना ते सांगायला हवे आणि सांगताही येते.

कोळीगीतांचे आणखी वेगळे. शाळांत गाजणारे 'मी डोलकर' शान्ता शेळके यांचे आहे. गाणे सुरेखच आहे, पण 'पारंपरिक' म्हणून गायले की कवयित्रीचे नाव पुसले जाते. आणि कोळीवाड्यातल्या बायका हळदीला जी गाणी म्हणतात, ती बाहेरच राहतात. त्याच कोळीवाड्यातली मुलगी वर्गात बसलेली असते. तिच्या आजीला विचारावे, असे कोणाच्या मनात येत नाही.

'अशी गाणी मिळत नाहीत' ही सबब खरी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मदतीने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी'वर त्या आवाजासकट प्रसिद्ध होऊ लागल्या. दळताना म्हणायची अशीच गाणी भोजपुरीत 'जँतसार' म्हणून आहेत. सोलापूर-भिवंडीच्या तेलुगू विणकर घरांतल्या बायका बतुकम्माला फुलांच्या राशीभोवती फेर धरून गातात आणि आपल्याकडे त्याच सुमारास भोंडला असतो. ओवीशेजारी जँतसार, भोंडल्याशेजारी बतुकम्मा असे ठेवून पाहा. कष्ट, माहेरची ओढ, सासरचा जाच हे सगळे भाषेच्या भिंती ओलांडून मुलांना आपोआप कळते. त्यासाठी वेगळे भाषण लागत नाही.

मैत्रिणी यावर एक रास्त आक्षेप घेतात. लोकगीतांत पितृसत्ता ठासून भरलेली आहे, ती मुलांच्या तोंडी का घालायची? उत्तर भारतातले 'सोहर' मुख्यतः मुलगा झाल्याच्या आनंदात गातात, हे खरे. पण त्याच सोहरांत एक हरिणीचा आहे. रामाच्या जन्मसोहळ्यासाठी तिचा हरीण मारला जातो. ती कौसल्येकडे निदान कातडे तरी मागते. तेही मिळत नाही, कारण रामाला खेळायला त्याची खंजिरी करायची आहे. पुत्रजन्माच्या गाण्यातच बायकांनी त्या आनंदाची किंमत सांगून ठेवली आहे. म्हणून सगळेच गाळू नका आणि सगळेच डोक्यावरही घेऊ नका. निवडा, आणि का निवडले ते मुलांशी बोला. लोकचालींची ताकद आपण ओळखतोच. १९८३ च्या 'मुलगी झाली हो'ने ती गावोगाव दाखवून दिली.

गाणे ठरवण्यापूर्वी शाळेने तीन प्रश्न विचारावेत. हे गाणे कोण गाते आणि कधी? ते शिकवायला तीच बाई शाळेत येईल का? आली तर बाहेरून येणाऱ्या संगीतशिक्षकाला देतात तसे मानधन तिला देणार का? तिसरा प्रश्न ऐकून मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालतात. नेपथ्याला पैसे असतात, कपड्यांच्या भाड्याला असतात; शिकवणाऱ्या आईला मात्र श्रीफळ आणि गुलाबाचे फूल. बाईचे ज्ञान फुकट मिळते ही समजूत मुले तिथेच शिकतात.

मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. इतक्या भाषा बोलणाऱ्या आया रोज फाटकापर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. घरची बोली शाळेत बोलायला लाजणारी मुलगी आपली आई वर्गाला गाणे शिकवताना पाहील, तेव्हा तिची मान ताठ होईल. आपल्या वस्तीगटांनी, महिला मंडळांनी येत्या जून महिन्यात जवळच्या एका शाळेत जावे, गाणाऱ्या बायकांची यादी द्यावी आणि मानधनाचे आधीच बोलून घ्यावे. स्नेहसंमेलनाच्या आठवडाभर आधी गेलात, तर कोळीगीत ठरलेलेच असेल.