‘अनोळखी’ हा शब्द तेवढा काढा

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
नागपूर शहर



महालात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, तेरवी, जे येईल ते जुळवून देतो. आयुष्य दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेलं. ‘चि. सौ. कां.’ मधलं एक टिंब राहिलं तरी मुलीचा मामा दुकानात येऊन उभा राहतो, त्यामुळे नजर तशी तयार झाली आहे. हे पत्र म्हणजे तक्रार नाही. प्रूफ वाचताना एक चूक सापडली, ती कळवतो आहे.

सायबर फसवणुकीबद्दल पोलीस, बँका आणि मोबाइल कंपन्या जी पत्रकं काढतात, जे मेसेज पाठवतात, त्यांतलं एक वाक्य आता सगळ्यांना पाठ झालंय: अनोळखी नंबरवरून आलेली फाइल किंवा लिंक उघडू नका. या वाक्यातला ‘अनोळखी’ हा शब्द चुकीचा आहे. का, ते सांगतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या एक काकू आत आल्या, पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. “दादा, हे पत्रिका उघडूनच नाही राहिली जी. एक छापून द्या. देवापुढं ठेवाची आहे.”

पाठवणाऱ्याचं नाव फोनमध्ये ‘जवाईबापू’ असं सेव्ह केलेलं. खाली फाइल, नाव ‘लग्नपत्रिका’. आता पत्रिका हा माझा धंदाच. पीडीएफ असती तर पहिल्या पानाचं छोटं चित्र दिसलं असतं, गणपती, तोरण, असं काहीतरी. इथे चित्र नव्हतं. नाव, काही एमबी, आणि शेवटी तीन अक्षरं: एपीके. ही पत्रिका नव्हती, ॲप होतं.

“काकू, दाबलं का यावर?”

“दाबलं ना. त्यानं विचारलं, अज्ञात ॲप आहे म्हणे, चालते का. म्हटलं अज्ञात काऊन जी? जवायानं पाठवलं ना!”

साहेब, या उत्तरात मला तरी काही खोट काढता आली नाही. फोनने विचारलं होतं ओळखीबद्दल, आणि काकूंनी ओळख सांगितली. पुढे त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. जावयाच्या घरचं कार्य, नाही कसं म्हणणार?

मी आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, मग सेटिंगमध्ये जाऊन ते ॲप शोधून काढलं. बाहेर त्याचं चिन्हही दिसत नव्हतं. माझ्या फोनवरून जावयाला लावला. तो बिचारा ऑफिसात. त्याला ती पत्रिका त्याच्या साहेबांच्या नंबरवरून आली होती आणि त्याने काहीच पाठवलं नव्हतं. त्याच्या फोनने परस्पर पाठवलं होतं, जेवढे नंबर होते तेवढ्यांना. काकूंच्या फोनने तोवर तेच सुरू केलं होतं. आम्ही बसून मोजलं, एकशे बारा जण. दूधवाला, गॅसवाला, भिशीतल्या बाया, नातवाच्या शाळेची बस आणि अख्खं माहेर. बँकेत फोन करून खातं थांबवलं. पैसे वाचले, कारण त्या खात्यात जेमतेमच होते. पण पुढचे दोन तास काकू माझ्या दुकानातल्या फोनवरून एकेकाला सांगत होत्या, “उघडू नका जी, माह्या फोनले काहीतरी झालं.” पलीकडून कोणीतरी काहीतरी बोललं असावं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “आता भावजय वर्षभर ऐकवन.”

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याचं असंच झालं. व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं, तारीख ३० ऑगस्ट, सोबत प्रेम ही आनंदाचं दार उघडणारी किल्ली आहे अशा अर्थाची ओळ, आणि पत्रिकेसारखी दिसणारी एपीके. खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. वर्तमानपत्रात ती प्रेमाची ओळ वाचली आणि मी एकदम पंचवीस वर्षं मागे गेलो.

मे २००० मध्ये मी बर्डीवरच्या एका दुकानात ऑपरेटर होतो. पेजमेकर, कोरलड्रॉ, आणि कर्कश आवाज करत लागणारं डायल-अप इंटरनेट. ४ मेला फिलिपिन्सच्या मनिलामधून एक ईमेल निघाला. विषय ‘आय लव्ह यू’, सोबत एक प्रेमपत्र. फाइलचं नाव बघताना टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर वाटावा असं. खरं शेपूट त्याच्याही पुढे होतं, व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ते शेपूट आपणहून लपवून ठेवायचं. उघडलं की तो तुमच्या आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवणार आणि जाता जाता तुमचे फोटो पुसून टाकणार. ब्रिटनच्या संसदेला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली. त्याआधी वर्षभर, मार्च १९९९ मध्ये, ‘मेलिसा’ नावाची अशीच कीड येऊन गेली होती. ती पहिल्या पन्नास पत्त्यांवर समाधान मानायची. ही सगळ्यांना धरायची.

प्रेमपत्र करणारा ओनेल डी गुझमन हा कॉलेजचा विद्यार्थी होता. त्याला शिक्षा झाली नाही, कारण तेव्हा त्या देशात असा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही नेमका त्याच वर्षीचा, १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. कायदा आला, कलमं आली, पण प्रेमपत्र का उघडलं गेलं ती गोष्ट मागेच राहिली. ते अनोळखी माणसाकडून आलं असतं तर कोणी उघडलंच नसतं. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरून, वरिष्ठांकडून, चुलतभावाकडून आलं, म्हणून उघडलं.

अनोळखी माणसाचं तसं फार भय नाही. मी जन्मलो त्या १९७८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात धाडली. जगातला पहिला स्पॅम म्हणून तोच दाखवतात. म्हणजे स्पॅम आणि मी एकाच वयाचे. तेव्हापासून लॉटरी, वारसा, घरबसल्या कमाई असले मेल येतात आणि जीमेल त्यांतले बहुतेक परस्पर कोपऱ्यात टाकतं. उरले तेही आपण हसून पुसतो. परक्याला दारातून परत पाठवायला आपण चांगले शिकलो आहोत. घरच्यांचं काय करायचं, ते मात्र कोणी शिकवलेलं नाही.

यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पेन ड्राइव्हचे दिवस होते. कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन यायची, वरपिता फोटो घेऊन यायचा. त्यांच्यासोबत ‘न्यू फोल्डर’ नावाची एक गोष्ट यायची. दिसायला पिवळं फोल्डर, मुळात ईएक्सई फाइल. दाबली की दुकानाचं मशीन आजारी, आणि मग दिवसभरात जो जो पेन ड्राइव्ह लावेल तो तो आजारी. सहा महिने मला पत्ता नव्हता. त्या सहा महिन्यांत अर्ध्या महालाला ही कीड मीच वाटली, दोन रुपयांच्या प्रिंटसोबत, फुकट. माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. घेणार कसा? मी ओळखीचा होतो ना.

पुढे पत्रिकेचा कागद महागला, लोकांना घरोघरी फिरायला वेळ उरला नाही. आता यजमान म्हणतो, पन्नास छापा आणि पीडीएफ द्या. पहिली टेकडीच्या गणपतीला, मग कुलदैवत, मग घरातले मोठे, बाकीच्यांना व्हॉट्सॲप. पूर्वी पत्रिका द्यायला माणूस अक्षता घेऊन यायचा, चहा घेऊन जायचा. आमंत्रण दारात उभं असायचं, त्याला चेहरा असायचा. आता ते फाइल होऊन येतं, आणि फाइल दिसली की दाबायची ही सवय आम्ही पत्रिकावाल्यांनीच लोकांना लावली. चोरांनी फक्त त्या सवयीत आपली फाइल सरकवली. लग्नसराई संपली की हीच फाइल चालान बनून येते. खरं चालान महाट्राफिक ई-चालानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पण हेही किती जणांना माहीत आहे?

शहर पोलिसांची ‘गरुड दृष्टी’ ही सोशल मीडियावर नजर ठेवणारी यंत्रणा २०२५ मध्ये आली, तिच्याबद्दल वाचलं. पण मामाकडून भाच्याला गेलेला खाजगी मेसेज गरुडाला कुठून दिसणार? आणि दिसूही नये. तिथे एक वाक्यच पोहोचू शकतं. म्हणून विनंती वाक्यापुरतीच आहे. ‘अनोळखी नंबर’ काढून तिथे काहीतरी असं लिहा: पत्रिका कधी इन्स्टॉल होत नाही, कोणीही पाठवलेली असो. शब्द आपले घ्या, माझा आग्रह नाही. फक्त ‘कोणीही’ राहू द्या.

एक सूचना आणखी आहे, ती काकूंमुळे सुचली. फसलेल्या माणसाने १९३० ला फोन करावा हे आता सांगितलं जातं, चांगलं आहे. पैसे अडवायचे तर तेच लवकर व्हायला हवं. पण ज्याच्या फोनवरून ही फाइल पुढे गेली, त्याने काय करायचं? तो लाजतो, गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यातच पुढचे पन्नास फोन जातात. त्या दिवशी काकू गप्प बसल्या नाहीत म्हणून एकशे बारांतल्या बहुतेकांनी हात आवरला. त्यांना कोणी शाबासकी दिली नाही, वर भावजयीचं ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा एक तयार मजकूर द्या, साध्या मराठीत, दुसऱ्याच्या फोनवरून लगेच पाठवता येईल असा: माझ्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर नेट बंद करा. खाली पोलिसांचं नाव असलं म्हणजे पाठवणाऱ्याची लाज अर्धी होते. आपल्याकडे ‘पोलिसांनी सांगितलंय’ म्हटलं की भावजयसुद्धा ऐकते.

तुळशीचं लग्न झालं की आमची सराई सुरू. माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पीडीएफच्या तळाशी, ‘आहेर आणू नये’ च्या खाली, एक ओळ मी आपल्यासाठी मोकळी ठेवतो. किलबिल मंडळींचा आग्रह थोडा वर सरकवता येतो. पैसे नकोत. ओळखीचे चार-पाच पत्रिकावालेही तयार आहेत, गांधीबागेतल्या एकाने तर टाइपही निवडून ठेवला आहे.

मजकूर मेलने पाठवलात तरी चालेल. फक्त त्याआधी दुकानात फोन करून सांगा, की पाठवला तो आपणच.

आपला नम्र,
एक पत्रिकावाला
महाल, नागपूर