मृतांच्या नावे राहिलेली शेते

राज्याच्या महसूल खात्याने १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ या नावाची मोहीम हाती घेतली. बुलढाणा जिल्ह्यात प्रथम करून पाहिलेला हा उपक्रम पुढे सर्व राज्यास लागू करण्यात आला. निवर्तलेल्या खातेदारांची नावे उताऱ्यावरून कमी करून त्यांच्या वारसांची नावे लावावयाची, एवढाच तिचा हेतू. परंतु अशी मोहीम काढावी लागते, यातच आपल्या ग्रामजीवनाविषयी पुष्कळ काही आले. शेतकरी जातो, त्याचे दहावे-तेरावे यथासांग होते, दरवर्षी त्याच्या नावाने पान मांडले जाते. आणि तरीही सरकारी दप्तरात तो वीस-वीस वर्षे जमीन धारण करून बसलेला असतो!

हा केवळ खेड्यातल्या अडाणीपणाचा किंवा तलाठ्याच्या दिरंगाईचा प्रकार आहे, असे समजणे चुकीचे होईल. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव मात्र त्याला तलाठीच म्हणते.) शेतकरी कुटुंबात जमीन ही कोणा एकाची मानलेली नसते, ती घराची असते. विहीर कोणी खणली, बांधावरचा आंबा कोणी लावला, पोळ्याला पहिला मान कोणाच्या बैलांचा, हे सारे घराच्या नावाने चालत आलेले असते. बाप गेल्यावर पंधरा दिवसांत चावडीवर जाऊन वाटणीची भाषा काढणे हे त्या घरात अशुभ वाटते. या भावनेची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही. दुष्काळात आणि साथीच्या रोगांत अनेक घरांच्या जमिनी तिनेच राखल्या आहेत. परंतु ‘घर’ म्हणजे व्यवहारात कोण, हा प्रश्न विचारला की या परंपरेतील वैगुण्य उघडे पडते. जुन्या उताऱ्यांवर एकाच भावाचे नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी अक्षरे आढळतात. त्या तीन अक्षरांच्या आड किती विधवा भावजया आणि किती बहिणी दडल्या आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

कायद्यात संदिग्धता फारशी उरलेली नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृताची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना एकाच पंक्तीत बसविले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या वेळी ज्यांची लग्ने झाली होती त्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट काढली आणि २००५ पूर्वी बाप वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. वारसाहक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे १९६६ ची महसूल संहिता सांगते. खबर दिली की फेरफार नोंदला जातो, हरकती मागविल्या जातात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते कुंकू पुसलेल्या बाईने दिरासमोर उभे राहून ‘माझे नाव लावा’ असे म्हणणे. त्यावर ठरलेले उत्तर असते : “वहिनी, कशाला? आम्ही आहोत ना!”

ते असतातही, नाही असे नाही. परंतु सोसायटीचे पीककर्ज घ्यावयाचे झाले, गारपिटीनंतर पंचनामा झाला, विम्याचा अर्ज भरावयाचा झाला, की दप्तर माणसाच्या शब्दावर चालत नाही, उताऱ्यावर चालते. पेरणारी, खुरपणारी, रात्रीची वीज आल्यावर पाणी द्यावयास जाणारी ती; शेतकरी मात्र ती नव्हे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के भरले. शेतातील श्रमात त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही शिवारात एक सकाळ उभे राहिल्यास कळेल.

बहिणींची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत इतकी रुळली आहे, की सही मागताना भावाला संकोच वाटत नाही आणि सही न देणाऱ्या बहिणीलाच अपराधी वाटते. माहेर तुटेल, ही तिची भीती खरी असते. दिवाळीच्या साडीचोळीवर एका शेताचा सौदा होतो. कोणी त्याला सौदा म्हणत नाही, इतकेच.

जमिनीचे तुकडे होतील, हा आक्षेप आम्ही पोकळ मानत नाही. राज्यातील सरासरी वहिती १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. पण हे तुकडे भावाभावांच्या वाटणीने पडले. तेव्हा तुकड्यांची धास्ती कोणाला वाटली नाही आणि बहिणीचे नाव निघताच वाटू लागली, हे विचित्र आहे. शिवाय नाव लागणे म्हणजे बांध पडणे नव्हे. सामाईक खाते तसेच ठेवता येते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम काढला, तेव्हा शेतकरी पुरुषांनी आपल्या हयातीतच बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. म्हणजे खेड्याला हे सुचत नाही, असेही नाही.

आता थोडे आपल्याविषयी. शहरात नोकरी करणाऱ्या अनेकांची नावे गावच्या उताऱ्यावर आहेत आणि कसणारीचे नाही. सामाईक खात्यावर कर्ज काढावयाचे तर सर्वांची संमती लागते, वाटप करावयाचे तर सर्वांच्या सह्या लागतात. आणि गणपतीला गावी गेलेल्या आम्हां मंडळींना त्याकरिता एक दिवस अधिक राहणे जमत नाही.

आम्ही शाळेत शिकवीत असतानाचा एक विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला होता. त्याचे वडील तो सातवीत असताना वारले. आईने पाच एकर कोरडवाहू एकटीने केली, त्याला शिकविले, मुलीचे लग्न केले. उतारा अजून आजोबांच्या नावे आहे. मध्ये त्याच्या वडिलांचे नाव लागलेच नव्हते. या मोहिमेत त्याने अर्ज दिला. नावे लागतील. पण आईला विहिरीसाठी कर्ज हवे आहे आणि त्याला दोन काकांची संमती हवी. थोरल्यांनी तात्काळ अंगठा दिला. धाकटे याच शहरात असतात, “बघू” म्हणाले, त्याला आता चौथा महिना आहे. ते आपले पत्र नियमित वाचतात, असे तो जाताना म्हणाला.