घोटभर पाण्याची डिग्री

‘बीएएसएलपी करतेय’ असं सांगितलं की समोरचा गोंधळतो. मग मी ‘स्पीच थेरपी’ म्हणते. त्यावर ठरलेलं वाक्य येतं, ‘अच्छा, म्हणजे बोबड्या मुलांना बोलायला शिकवता!’ आणि समोर नात्यातली मावशी असेल तर पुढचा प्रश्नही ठरलेला, ‘मग नीट परत नाही का देणार?’

खोटं कशाला बोलू? पहिल्या वर्षी मीही स्वतःला हेच विचारत होते. प्राधान्यक्रमात एमबीबीएस, बीडीएस, फिजिओ आणि मग कुठेतरी खाली हे. पहिले सहा महिने माझ्या बॅगेत नीटचीच पुस्तकं असायची. आज इंटर्नशिप संपत आलीये आणि तुम्हाला ठामपणे सांगायचंय, ही ‘उरलेली सीट’ समजून घेऊ नका. तसं समजून आलात तर तुमची चार वर्षं जातील, पण खरी किंमत पेशंट मोजेल.

कशी, ते सांगते. आमच्या अभ्यासात बोलण्यासोबत गिळणंही असतं. हे बाहेर कुणालाच माहीत नसतं, मलाही नव्हतं. जीभ, ओठ, टाळू, घसा, सगळा सरंजाम एकच. त्यानेच आपण बोलतो आणि त्यानेच जेवतो. पाण्याचा एक घोट घ्या. त्या क्षणी तुमचा श्वास थांबला, स्वरयंत्र वर उचललं गेलं, स्वरतंतू मिटले आणि पाणी श्वासनलिका चुकवून अन्ननलिकेत गेलं. या सगळ्याला जेमतेम एक सेकंद लागला. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हे वेळापत्रक बिघडतं. पाणी पातळ आणि चपळ, त्यामुळे तेच आधी चुकीच्या वाटेने जातं. फुप्फुसात गेलं की न्यूमोनियाची भीती.

इंटर्नशिपमध्ये वॉर्डात एक आजोबा होते, सत्तरीचे, सोलापूरकडचे. झटका येऊन तीन दिवस झालेले. आजी चमच्या-चमच्याने पाणी पाजत होत्या. ‘घसा कोरडा पडलाय ओ त्यांचा.’ आजोबांना ठसका लागत नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त. मी त्यांना ‘आ’ म्हणायला लावलं. आवाज गुळणी करताना येतो तसा, ओला. सीनियरना बोलावलं. त्यांनी पाणी थांबवलं आणि बेरियम देऊन गिळण्याचा एक्स-रे करायला सांगितलं. पडद्यावर स्पष्ट दिसलं. थोडं-थोडं श्वासनलिकेत उतरत होतं आणि तरी खोकला नाही. गळ्याची जाणीवच कमी झालेली. ठसका लागला तर माणूस सावध तरी होतो. इथे तेही नाही. आजी मायेनेच पाजत होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे चमत्कार वगैरे झाला नाही. नाकातून नळी, रोजचे व्यायाम, मग हनुवटी खाली घेऊन घट्टसर घास. पुस्तकात घासाच्या घट्टपणाच्या पायऱ्या असतात. घरात मात्र वरणभात असतो. पातळ वरण आणि त्यात सुटी शितं, म्हणजे दोन जातींचा घास एकाच वेळी. अशा पेशंटला नेमका तोच कठीण. हे आजींना समजावण्यात एक अख्खी दुपार गेली. घट्ट केलेला चहा आजोबांना पहिल्यांदा दिला, तेव्हा त्यांनी असं तोंड केलं की वॉर्डातली सिस्टरसुद्धा हसली.

आता बोलण्याकडे येते, कारण माझी खरी चूक तिथे झाली. आजोबांना अफेजिया होता. समजत बरंच होतं, शब्द सापडत नव्हते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने एक पेशंट तपासला होता. त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढंच यायचं, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणायचे. समज शाबूत, शब्द गायब. आमच्या आजोबांचे नातेवाईक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जणू ते बहिरे झालेत. पण आकडे म्हणायला लावले की आजोबा एक ते दहा सलग म्हणायचे. गणपतीची आरती सुरू केली की पुढचे शब्द आपोआप यायचे.

एकदा मी चित्रं दाखवत होते. पातेल्याच्या चित्रावर ते म्हणाले, ‘भगुलं.’ मी वहीत लिहिलं, ‘निरर्थक शब्द’. आजी शेजारीच होत्या. म्हणाल्या, ‘अवो बाई, पातेल्याला आमी भगुलंच म्हनतो.’

तीन आठवड्यांत माणसाला एक शब्द बरोबर सापडला होता आणि मी तो चूक ठरवला. मी मुंबईत वाढलेली, इंग्रजी पुस्तकातून शिकलेली. बोस्टनच्या प्रसिद्ध अफेजिया चाचणीत एक चित्र आहे. सिंकमधून पाणी वाहतंय आणि मुलगा स्टुलावर चढून बिस्किटांची बरणी गाठतोय. ते चित्र आम्ही सगळ्यांनी अभ्यासलंय. पण सोलापूरच्या आजोबांच्या घरात काय उतू जातं, हे त्या पुस्तकात कसं असणार?

म्हणून हे पान सोलापूर, बीड, गडचिरोली, सिंधुदुर्गात वाचणाऱ्यांना माझं मुद्दाम सांगणं आहे. ‘आपलं इंग्रजी कच्चं, भाषा गावठी,’ म्हणून मागे सरू नका. इंग्रजी टर्म्स वर्षभरात येतात. ‘भगुलं’ कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, ते तुम्ही घरून आणता. या कामात ते निम्मं भांडवल आहे. कॉलेजांनीही ते मान्य करावं. जिल्ह्याजिल्ह्यांच्या बोलीतले शब्द विद्यार्थ्यांकडूनच गोळा करून घ्यावेत आणि त्याला मार्क द्यावेत. याला काही कोटी लागत नाहीत.

माहिती हवी असेल तर थोडक्यात देते. कोर्स चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मुंबईत नायर रुग्णालयाचं कॉलेज आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, पुण्यात भारती विद्यापीठ, बाहेर म्हैसूरची १९६५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संस्था. आणि आधीच सांगते, लाळ, कफ, उघडी तोंडं बघायची तयारी ठेवा. प्रगती फार हळू होते. किळस किंवा घाई असेल तर खरंच दुसरं काही निवडा.

आणि कोर्स करा किंवा करू नका, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घरात कुणाला झटका आला तर तोंडाला पाण्याचा पेला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘गिळणं तपासलंय का?’ एवढा प्रश्न विचारायला कुठलीच डिग्री लागत नाही.

मावशीला मी आता हेच सांगते. नीटचा विषय तिने अजून सोडलेला नाही. पण परवा तिच्या शेजारच्या काकांना अॅडमिट केलं, तेव्हा तिचा पहिला फोन मला आला.