‘मतदाना’तल्या दानाची बाजू

निवडणूक जवळ आली की ‘मतदान’ या शब्दावर एक आक्षेप हमखास येतो. दान म्हणजे उपकार, मत हा तर हक्क. तेव्हा ‘मतदान’ टाकून ‘मताधिकार’च म्हणावे! तळमळ खरी, व्युत्पत्ती मात्र अर्धवट. ‘दा’ धातूचा अर्थ देणे, एवढाच. आदानप्रदानात कोणी कोणावर उपकार करत नाही, आणि शाळेचे अनुदान अडले की संस्थाचालक ते हक्काने मागतात. शिवाय धर्मशास्त्राने दानाची व्याख्याच अशी केली आहे, की वस्तूवरचे आपले स्वत्व सोडून तिथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करायचे. जे आपले नाही त्याचे दान होतच नाही; म्हणजे ज्या मालकीसाठी आक्षेपक भांडतात, ती या शब्दाने आधीच धरलेली आहे. मोबदला घेतला की ते दान उरत नाही, विक्री होते. आदल्या रात्री पाकिटे वाटणाऱ्यांना हा अर्थ फारसा सोयीचा नसावा.

स्वत्वच सोडले तर पुढची पाच वर्षे मतदाराच्या हाती काय, असे कोणी विचारील. हाती राहतो तो मताधिकार. दिले जाते ते त्या निवडणुकीपुरते मत. ते देण्याचा अधिकार कोणी देऊन टाकत नाही. एक शब्द क्रियेचा, दुसरा अधिकाराचा. ‘मताधिकार झाला का?’ असे केंद्राबाहेर कोणी विचारत नाही. आणि नुसत्या ‘अधिकार’ शब्दाने अधिकार पक्काही होत नाही. 1935च्या कायद्यातला मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी जखडलेला होता. त्या अटी काढल्या संविधानाच्या 326व्या अनुच्छेदाने. वयाची अट 21 वरून 18वर आली ती 61व्या घटनादुरुस्तीने, 1989मध्ये.

तरीही 1982मध्ये ज्योती बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मत देण्याच्या हक्काला मूलभूत न मानता कायद्याने दिलेला हक्क ठरवले. मतदार कोणाच्या कृपेवर आहे का, हा प्रश्न खरा तिथे उभा राहतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5)नुसार तुरुंगातल्या माणसाला, खटला अजून चालू असला तरी, मत देता येत नाही. 2013च्या दुरुस्तीनंतर त्याच कोठडीतून निवडणूक लढवता मात्र येते. ‘दाना’वर रुसलेल्यांनी थोडा राग या कलमासाठी राखून ठेवावा.