अंगावरचे वस्त्र आणि विस्तव

मार्गशीर्षातील थंडी सुरू झाली, की खानदेशात विस्तवाशी माणसाचा सहवास वाढतो. जळगाव, यावल, रावेर भागांत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भरिताची वांगी भाजली जातात. धुळे, शिरपूर, साक्री परिसरात पहाटेच्या गारठ्यात दारोदार शेकोट्या पेटतात. सणासुदीला चुलीवर खापर पालथे पडते आणि मांडे करणाऱ्या हातांत बहुधा घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीचेच हात असतात, कारण ते कसब नव्या पिढीकडे अद्याप पुरते उतरलेले नाही. या सहवासात आनंद आहे; तो सोडा, असे हे सदर सांगणार नाही. मात्र विस्तवाजवळ बसताना अंगावर कोणते कापड आहे, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. तो आज विचारू या.

या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार एका अगदी निराळ्या क्षेत्राने केला आहे. ते क्षेत्र म्हणजे मोटारशर्यत. आपल्याकडेही हा छंद आता अपरिचित राहिलेला नाही. शेजारच्या नाशिक परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' भरत आली आहे, आणि पुण्याच्या संजय टकले यांनी परदेशांतील रॅलींमध्ये गाडी चालवली आहे. तासन्‌तास चालणाऱ्या अशा स्पर्धांत उतरणारा हौशी चालकदेखील साध्या कपड्यांत गाडीत बसत नाही. त्याच्या अंगात आगरोधक पोशाख असतो. तो निवडताना जे निकष लावले जातात, त्यांतील बहुतेक आपल्या कपाटालाही लागू पडतात.

पहिला निकष वेळेचा. आगरोधक पोशाख म्हणजे कधीच न जळणारा पोशाख, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. असा पोशाख चालकाला केवळ काही सेकंद मिळवून देतो. अमेरिकेतील एका प्रचलित मानकानुसार सर्वांत साधा एकपदरी पोशाख ज्वाळांत सुमारे 3 सेकंद, तर अनेकपदरी जाड पोशाख सुमारे 10 सेकंद दुसऱ्या श्रेणीचे भाजणे लांबवतो. तेवढ्या अवधीत चालकाने बाहेर पडायचे असते. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची गाडी कठड्यावर आदळून पेटली. सुमारे 28 सेकंदांनी तो स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. त्याचे शरीर पोशाखाने राखले. मुख्यत्वे भाजले ते हात.

आता हाच हिशेब घरी मांडा. पदर पेटल्याचे तिशीतील सुनेच्या ध्यानात येते आणि ती क्षणात तो झटकते. पंच्याहत्तरीतील सासूबाईंना मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेली असते, मोतीबिंदूमुळे ज्वाळेची कड अंधुक दिसते, आणि पाटावरून उठायला दोन्ही गुडघ्यांची परवानगी लागते. सेकंद तेच, पण वृद्धाजवळ ते कमी शिल्लक राहतात. शिवाय वयाबरोबर त्वचा पातळ होते आणि जखम सावकाश भरते. भाजलेल्या रुग्णाची गंभीरता अजमावण्याची वैद्यकातील एक जुनी रीत अशी, की रुग्णाचे वय आणि भाजलेल्या त्वचेची टक्केवारी यांची बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितका धोका मोठा. 20 टक्के भाजलेल्या तिशीतील व्यक्तीची बेरीज 50 होते, तर पंच्याहत्तरीतील व्यक्तीची 95. म्हणूनच ज्येष्ठांच्या बाबतीत कापडाने आणखी चार क्षण मिळवून देणे फार मोलाचे ठरते.

दुसरा निकष धाग्याचा. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे 21 टक्के असते. एखादा धागा पेटता राहण्यासाठी किमान किती टक्के प्राणवायू लागतो, हे प्रयोगशाळेत मोजतात. कापसाला सुमारे 18 टक्के पुरतो. म्हणजे साध्या हवेत तो सहज पेटतो आणि पेटलेला राहतो. अस्सल लोकरीला सुमारे 25 टक्के लागतो; म्हणून ज्योत दूर करताच ती बहुधा आपोआप विझते. रेशीमही सावकाश जळते. शर्यतीच्या पोशाखातील नोमेक्स हा धागा डू पाँट कंपनीने 1960 च्या दशकात आणला. त्याला सुमारे 28 टक्के प्राणवायू लागतो. तो वितळत नाही. तापल्यावर कोळशासारखा होऊन फुगतो आणि त्वचेवर जाड पडद्याप्रमाणे उभा राहतो.

आपल्या नित्य वापरातील पॉलिएस्टर आणि नायलॉन यांची गोष्ट वेगळी. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आक्रसते, त्यामुळे ते सुरक्षित भासते. परंतु सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअसला ते वितळते आणि तो चिकट रस त्वचेला लाखेसारखा चिकटतो. भाजणे तेथे खोल जाते. टेरिकॉटमध्ये तर दोन्ही दोष एकत्र येतात: कापूस वातीसारखा जळत राहतो आणि वितळलेले पॉलिएस्टर त्या वातीला तेल पुरवते. जाणकार शर्यतपटू आगरोधक पोशाखाच्या आत नायलॉनचा बनियन घालत नाही, त्याचे कारण हेच. बाहेरचा पोशाख शाबूत राहिला, तरी आतला बनियन उष्णतेने वितळू शकतो. आपल्याकडे सुती लुगड्याखाली सिंथेटिक परकर असतो तेव्हा हीच चूक आपण रोज करतो.

येथे खानदेशाच्या वाचकांना एक खंत वाटेल. कपाशी हे आपले पांढरे सोने. मग तेच असुरक्षित कसे? उत्तर कापडाच्या विणीत आहे. विरळ विणीचे, तलम, किंवा पृष्ठभागावर मऊ लव असलेले सुती कापड झटकन पेटते, कारण धाग्याधाग्यांत हवा खेळत असते. घट्ट विणीचे, वजनदार सुती कापड तुलनेने सावकाश पेट घेते आणि वितळून अंगाला चिकटत नाही. म्हणून चुलीपाशी बसणाऱ्यासाठी जाडसर, घट्ट विणीचे सुती वस्त्र हीच आपल्या उन्हाळ्याला आणि खिशाला साजेशी निवड आहे. शर्यतीचा तीनपदरी पोशाख जितका अधिक राखतो, तितका अधिक उकडवतो. लांब पल्ल्याच्या चालकालाही शरीरातील पाणी कमी होण्याची चिंता वाहावी लागते. वैशाखात जळगावचा पारा 44-45 अंशांवर असताना आजोबांना लोकरीत गुंडाळावे, असे कोणी म्हणणार नाही. संरक्षण आणि उष्मा यांचा तोल ऋतूनुसार साधावा लागतो.

हिवाळ्यात मात्र एक फसगत नित्य होते. बाजारात 'लोकरी' म्हणून मिळणारे पुष्कळ स्वेटर, शाली, कानटोप्या प्रत्यक्षात ॲक्रिलिकच्या असतात. ॲक्रिलिकही कापसाइतकेच सहज पेटते आणि जोराने जळते. मऊ, गुबगुबीत मिंक ब्लँकेटही सहसा पॉलिएस्टरचे असते. ते पांघरून शेकोटीला टेकून बसणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

कापड ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. ती ज्येष्ठांनी स्वतः न करता घरातील धडधाकट व्यक्तीने उघड्या जागी करावी. शिवणीच्या आतून दोन-चार धागे काढावेत, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर ज्योतीजवळ न्यावेत आणि शेजारी पाणी ठेवावे. कापूस जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकर व रेशीम यांना जळलेल्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडता येतो. पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक वितळून त्यांचा कडक मणी बनतो, तो चुरडत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

तिसरा निकष मापाचा. शर्यतीचा पोशाख मनगटाला आणि घोट्याला बंद होतो. कोठे काही लोंबत नाही. आपला पदर, ओढणी, उपरणे, ढगळ गाऊनची बाही, मफलरची टोके ही सारी ज्वाळेकडे झुकणारी. पदर कमरेला खोचणे ही आपल्या आजीची सवय नुसत्या सोयीची नव्हती. बाही कोपरापर्यंतच असावी किंवा मनगटाशी बंद व्हावी. गॅसच्या मागे मसाल्याचे डबे ठेवू नयेत, कारण ते घेताना हात ज्योतीवरून जातो. देवघरातील निरांजन ज्येष्ठांच्या खांद्याच्या उंचीवर व हाताच्या पुढे असावे, म्हणजे वाकताना पदर त्यावर येत नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर दिवे तेवत असतात; तेथे जागरणाला बसणाऱ्या वृद्धांची बैठक दिव्यांपासून हातभर दूर मांडावी.

चौथा निकष स्वच्छतेचा, आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. तेल किंवा इंधनाने माखलेला पोशाख घालून शर्यतपटू गाडीत बसत नाही, कारण उत्तम धागाही अशा डागांनी ज्वालाग्राही होतो. हिवाळ्यात आपण वृद्धांच्या कोरड्या त्वचेला तिळाचे तेल, व्हॅसलिन किंवा पॅराफिनयुक्त मलम लावतो. त्वचेवर असताना ते सहसा पेट घेत नाही. परंतु कपड्यात, चादरीत, बँडेजमध्ये मुरून वाळले, की ते कापड कितीतरी झपाट्याने पेटते आणि अधिक तापून जळते. ब्रिटनमध्ये अशा घटनांत माणसे दगावल्यामुळे तेथील औषधनियामक संस्थेने या मलमांबाबत इशारा दिलेला आहे. धुतल्याने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून मालिशीचे कपडे वेगळे ठेवावेत, ते घालून चुलीपाशी जाऊ नये, आणि बिडीचे व्यसन असलेल्या आजोबांना तर हे पुनःपुन्हा सांगावे.

याहून गंभीर बाब घरी प्राणवायू घेणाऱ्यांची. यंत्रातून निघणारा प्राणवायू कपड्यांत, केसांत, पांघरुणात साठतो. मग 21 टक्क्यांचा हिशेब मोडतो आणि एरवी विझणारे कापडही भडकते. प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत उदबत्ती, निरांजन, बिडी, गॅस काहीही पेटवू नये. यंत्र उघड्या ज्योतीपासून किमान 10 फूट दूर असावे. यंत्र बंद केल्यावरही अर्धा तास विस्तवाजवळ जाऊ नये.

इतके करूनही कपडे पेटलेच, तर पळू नये. पळण्याने वारा मिळतो. थांबावे, आडवे व्हावे, हातांनी चेहरा झाकून लोळावे. लोळणे शक्य नसलेल्या वृद्धाला शुश्रूषा करणाऱ्याने आडवे करून घोंगडी किंवा जाड सुती गोधडी मानेकडून पायांकडे दाबत टाकावी, म्हणजे ज्वाळा चेहऱ्याकडे येत नाहीत. त्या घाईत मिंक ब्लँकेट हाती घेऊ नये. ज्या घरी चूल वा शेकोटी आहे, तेथे एक घोंगडी हाताशी घडी करून ठेवलेली असावी.

आग विझल्यावर भाजलेल्या भागावर साधे वाहते पाणी 20 मिनिटे सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये. त्वचेला चिकटलेले कापड ओढून काढू नये. सुटे कापड, बांगड्या, अंगठ्या मात्र सूज येण्यापूर्वी काढाव्यात. भाजलेला भाग थंड करताना उरलेले शरीर पांघरुणाने ऊबदार ठेवावे, कारण वृद्धांचे शरीर लवकर गारठते. नंतर स्वच्छ सुती कापडाने झाकून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. धूर श्वासावाटे गेला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातील केस जळले असतील, तर जखम लहान दिसली तरी थांबू नये. 1976 मध्ये जर्मनीतील शर्यतीत पेटत्या गाडीत अडकलेल्या निकी लाउदाच्या जिवाला सर्वाधिक धोका पोहोचला तो फुप्फुसांत गेलेल्या विषारी वायूंमुळे.

आणि ज्यांचा नातू कार्टिंग किंवा रॅलीचा हट्ट धरून बसला असेल, त्या आजी-आजोबांनी त्याला रंग आणि चित्रे सोडून चार गोष्टी विचाराव्यात: पोशाखावर मान्यताप्राप्त मानकाची शिवलेली खूण आहे का, आतले कपडे वितळणारे तर नाहीत ना, हातमोजे व डोक्यावरचे आवरण त्याच तोलाचे आहे का, आणि पोशाख घालून बसता-वळता येते का.

हेच प्रश्न थोडे बदलून येत्या रविवारी आपल्या कपाटालाही विचारा. वितळणारे कपडे बाहेर जाण्यासाठी, तेलाचे कपडे निजण्यासाठी आणि जाडसर सुती, बंद बाह्यांचे दोन जोड चुलीसाठी, अशा तीन घड्या करा. मग भरिताची वांगी खुशाल भाजा.